कागदावरचा बुद्धिबळपटू : ॲलन ट्युरिंग

संगणकशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांमध्ये ॲलन मॅथिसन ट्युरिंग यांचे नाव अग्रभागी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेशांची केलेली उकल, यंत्राच्या बुद्धिमत्तेविषयीचे मूलगामी चिंतन आणि अकाली ओढवलेला करुण मृत्यू यांमुळे त्यांचे चरित्र जगभर सांगितले जाते. या चरित्रातील एक प्रकरण मात्र तुलनेने कमी परिचित आहे. ट्युरिंग यांनी बुद्धिबळ खेळणारी एक आज्ञावली, म्हणजेच आजच्या भाषेतील प्रोग्रॅम, रचली होती. ती त्यांच्या हयातीत कोणत्याही यंत्रावर चालली नाही. तिची मूळ टिपणेही काळाच्या ओघात नाहीशी झाली. असे असूनही त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी हीच आज्ञावली एका माजी जगज्जेत्याशी पटावर झुंजली. जे हरवले होते ते पुन्हा कसे गवसले, याचे उत्तर ट्युरिंग यांच्या प्रतिभेत जितके आहे, तितकेच त्यांच्या भोवतीच्या माणसांनी केलेल्या जपणुकीतही आहे.

ट्युरिंग घराण्याचा भारताशी निकटचा संबंध होता. ॲलन यांचे वडील ज्युलियस ट्युरिंग हे सनदी सेवेतील अधिकारी असून त्यांची नोकरी मद्रास इलाख्यात होती. आई एथेल सारा यांचा जन्म आजच्या तमिळनाडूतील पोदनूर येथला. त्यांचे वडील एडवर्ड वॉलर स्टोनी हे मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते. ट्युरिंग दांपत्याचा थोरला मुलगा जॉन १९०८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे जन्मला. धाकट्या ॲलनचा जन्म मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांची नोकरी भारतात आणि मुलांचे संगोपन इंग्लंडमध्ये, अशी त्या काळच्या अनेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या घरांची रीत होती. त्यानुसार दोन्ही मुलांना समुद्रकाठच्या सेंट लेनर्ड्स या गावी एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवण्यात आले. आईवडील अधूनमधून येत आणि पुन्हा जहाजाने निघून जात. पोटापाण्यासाठी मुलखाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना अशी ताटातूट परिचयाची असते. ॲलनच्या एकलकोंड्या स्वभावाचे मूळ काही प्रमाणात या बालपणात असावे, असे त्यांच्या चरित्रकारांना वाटते.

१९२६ मध्ये ॲलन शेरबोर्न येथील शाळेत दाखल झाला. शाळेचा पहिला दिवस नेमका इंग्लंडमधील सार्वत्रिक संपाच्या काळात आला. आगगाड्या बंद होत्या. तेरा वर्षांचा हा मुलगा साउदॅम्प्टन बंदरात उतरला आणि सायकलवर स्वार होऊन साठ मैलांचे अंतर कापत, वाटेत एक रात्र मुक्काम करून, शाळेत हजर झाला. या जिद्दीचे कौतुक झाले. तरी शाळेतील पुढचे दिवस सुखाचे गेले असे नाही. त्या शाळेत ग्रीक आणि लॅटिनला मान होता. ॲलनचे मन गणित व विज्ञानात रमे. त्याचे अक्षर गचाळ असे, वह्यांवर शाईचे डाग पडलेले असत आणि उत्तरापर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या लिहून दाखवण्याचा त्याला कंटाळा असे. ही नीटनेटकेपणाची उणीव पुढे आयुष्यभर त्याच्या सोबत राहिली आणि बुद्धिबळाच्या प्रकरणात तिला वेगळेच महत्त्व आले.

याच शाळेत ख्रिस्तोफर मॉरकॉम हा विज्ञानप्रेमी मित्र त्याला लाभला. ग्रह-तारे, रसायने आणि गणितातील कोडी यांवर दोघांच्या गप्पा रंगत. १३ फेब्रुवारी १९३० रोजी ख्रिस्तोफरचे क्षयाने निधन झाले. ॲलनवर हा आघात फार खोल झाला. मित्राच्या आईशी त्याने पुढे अनेक वर्षे पत्रव्यवहार ठेवला. शरीर नष्ट झाल्यावर मनाचे काय होते, विचार हा देहाशिवाय टिकू शकतो काय, हे प्रश्न त्या काळातील त्याच्या लेखनात दिसतात. यंत्र विचार करू शकेल काय, या त्यांच्या पुढील आयुष्यातील प्रश्नाशी त्यांचे नाते जोडता येते.

१९३१ मध्ये ट्युरिंग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये आले. १९३५ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांची तेथील फेलो म्हणून निवड झाली. मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांतून त्यांना गणिताच्या पायाविषयीचा एक कूट प्रश्न मिळाला आणि १९३६ मध्ये त्यांनी त्यावरचा विख्यात निबंध सादर केला. त्यात त्यांनी एका कल्पित यंत्राचे वर्णन केले. लांबलचक पट्टीवरील चिन्हे वाचायची, ठरलेल्या नियमानुसार ती पुसायची किंवा नवी लिहायची, आणि पट्टी पुढे-मागे सरकवायची, एवढेच या यंत्राचे काम. इतक्या साध्या क्रियांतून कोणतीही पद्धतशीर आकडेमोड करता येते, आणि नियमच पट्टीवर लिहून दिले तर एकच यंत्र इतर सर्व यंत्रांचे काम करू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. प्रत्यक्ष संगणक अस्तित्वात येण्यापूर्वी त्याची कल्पना अशी कागदावर उतरली होती. पुढे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात अलोन्झो चर्च यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३८ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि ते मायदेशी परतले.

युद्ध जाहीर होताच, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ट्युरिंग ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात रुजू झाले. जर्मनीचे संदेश एनिग्मा नावाच्या यंत्राने सांकेतिक केले जात. पोलंडच्या गणितज्ञांनी या यंत्राचे मर्म आधीच ओळखले होते आणि आपले ज्ञान ब्रिटिशांच्या हाती दिले होते. त्या पायावर ट्युरिंग यांनी बॉम्ब या नावाने ओळखले जाणारे उकल-यंत्र रचले आणि गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात महत्त्वाची सुधारणा केली. जर्मन नौदलाच्या संदेशांची उकल हे विशेष अवघड काम ट्युरिंग यांच्या विभागाने पार पाडले.

ब्लेचली पार्कमध्ये बुद्धिबळपटूंचा मोठा भरणा होता. ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिल्नर-बॅरी आणि हॅरी गोलोम्बेक हे तिघे युद्ध सुरू झाले तेव्हा अर्जेंटिनातील बुएनोस आयरेस येथे बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये ब्रिटनच्या वतीने खेळत होते. तेथून परतल्यावर ते या कामात सामील झाले. जॅक गुड आणि वयाने खूप लहान असलेला डोनाल्ड मिची हेही तेथेच भेटले. या मंडळींत ट्युरिंग यांचा खेळ बेताचाच मानला जाई. ट्युरिंग यांनी डाव सोडला की गोलोम्बेक पट फिरवत आणि त्याच हरलेल्या बाजूने खेळून जिंकून दाखवत, अशी आठवण सांगितली जाते. स्वतः उत्तम खेळता येत नसले तरी माणूस चाल कशी ठरवतो, हा प्रश्न ट्युरिंग यांना गुंतवून ठेवी. पुढील शक्यता तपासण्याचे काम यंत्राच्या नियमांत बसवता येईल काय, याची चर्चा ते गुड आणि मिची यांच्याशी युद्धकाळातच करू लागले होते.

त्याच काळातील एक हकीकत जपणुकीच्या दृष्टीने बोलकी आहे. जर्मनीचे आक्रमण झाले तर बँकेतील पैसा बुडेल, या भीतीने ट्युरिंग यांनी १९४० मध्ये चांदीच्या लगडी विकत घेतल्या आणि ब्लेचलीजवळच्या परिसरात दोन ठिकाणी पुरून ठेवल्या. जागा कोणालाही कळू नये म्हणून त्यांनी खुणा सांकेतिक रीतीने नोंदवल्या. युद्ध संपल्यावर मिचीला सोबत घेऊन, धातू शोधणारे उपकरण वापरून त्यांनी शोध केला. पण परिसराचे रूप बदलले होते. जगातील अत्यंत कठीण संकेत उलगडणाऱ्या या माणसाला स्वतःची चांदी अखेरपर्यंत सापडली नाही.

युद्धानंतर ट्युरिंग राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांनी एका विद्युत संगणकाचा सविस्तर आराखडा १९४५ च्या अखेरीस तयार केला. असे यंत्र बुद्धिबळही खेळू शकेल, हा उल्लेख त्या आराखड्यात आहे. यंत्राच्या उभारणीतील दिरंगाईला कंटाळून ते काही काळ केंब्रिजला परतले आणि १९४८ मध्ये न्यूमन यांच्या निमंत्रणावरून मँचेस्टर विद्यापीठात गेले. त्याच वर्षी, अर्थशास्त्रज्ञ मित्र डेव्हिड चॅम्परनाउन यांच्यासह त्यांनी बुद्धिबळ खेळणारी आज्ञावली रचायला घेतली. दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून तिला टुरोचॅम्प असे नाव मिळाले. साधारण त्याच सुमारास मिची आणि शॉन वायली यांनी आपली स्पर्धक आज्ञावली रचली आणि तिला माकियाव्हेली हे नाव दिले.

टुरोचॅम्पची रीत आजही कोणाही बुद्धिबळप्रेमीला समजण्यासारखी आहे. प्रत्येक मोहऱ्याला एक किंमत दिलेली होती. प्याद्याला १, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५, वजिराला १० आणि मात झाल्यास १०००. आज्ञावली आपली प्रत्येक शक्य चाल आणि तिच्यावरचे प्रतिस्पर्ध्याचे प्रत्येक उत्तर तपासत असे. मारामारी सुरू असेल तर ती संपून पट शांत होईपर्यंत ती त्या दिशेने पुढेही पाहत असे. अर्धवट मारामारीत हिशेब थांबवला तर आकडे फसवे निघतात, हे ट्युरिंग यांनी ओळखले होते. दोन चालींचे मूल्य सारखेच निघाले, तर मोहऱ्यांना फिरण्यासाठी किती घरे मोकळी आहेत, राजा किती सुरक्षित आहे, प्यादी किती पुढे सरकली आहेत, किल्लेकोट करता येईल काय, अशा बाबींना अपूर्णांकात गुण देऊन निवड केली जाई. आजच्या बलाढ्य बुद्धिबळ-संगणकांतही शोध आणि मूल्यमापन ही दोन अंगे आहेत. त्यांचा हा साधा, आद्य अवतार होता.

अमेरिकेत क्लॉड शॅनन हेही याच प्रश्नावर स्वतंत्रपणे विचार करत होते आणि त्यांचा पायाभूत निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. ट्युरिंग यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी नियमांचा संपूर्ण संच तयार करून तो प्रत्यक्ष खेळवून पाहिला. यंत्र उपलब्ध नव्हते, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन माणसानेच यंत्राची भूमिका करायची. चॅम्परनाउन यांच्या पत्नी नुकत्याच बुद्धिबळ शिकत होत्या. त्यांच्याविरुद्ध टुरोचॅम्प जिंकली, असे चॅम्परनाउन यांनी पुढे सांगितले. १९५२ मध्ये ॲलिक ग्लेनी या तरुण संगणकतज्ज्ञाविरुद्ध खेळलेला डाव अधिक प्रसिद्ध आहे. पांढरी मोहरी टुरोचॅम्पची होती. ट्युरिंग नियम वाचत, आकडे मांडत आणि मग मोहरा हलवत. एकेका चालीला अर्धा तास लागे. सातव्या चालीला आज्ञावलीने राजाच्या बाजूचे कडेचे प्यादे दोन घरे पुढे ढकलले. अशा अनाकलनीय चालींतून तिचे अपुरेपण दिसले. एकोणतिसाव्या चालीला वजीर गमावण्याची पाळी आली आणि टुरोचॅम्पने डाव सोडला. मात्र डाव चालू असताना प्रत्येक चाल लिहून ठेवली गेली. पुढे जे घडले ते या नोंदीमुळेच शक्य झाले.

मँचेस्टरमध्ये १९५१ मध्ये फेरांती कंपनीने बनवलेला संगणक आला. टुरोचॅम्प त्यावर उतरवण्याचा ट्युरिंग यांचा प्रयत्न होता, पण तो पूर्ण झाला नाही. त्या यंत्राची स्मृती फार तोकडी होती आणि संशोधनाची इतर कामेही हाती होती. त्याच यंत्रावर डिट्रिख प्रिन्झ यांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये दोन चालींत मात करण्याची कोडी सोडवणारी मर्यादित आज्ञावली चालवून दाखवली. त्यात किल्लेकोटासारखे नियमही वगळावे लागले होते. संपूर्ण डाव खेळणारी टुरोचॅम्प मात्र कागदावरच राहिली.

१९५३ मध्ये बी. व्ही. बाउडन यांनी संपादित केलेला फास्टर दॅन थॉट हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील बुद्धिबळाविषयीचा मजकूर ट्युरिंग यांनी लिहिला. मोहऱ्यांच्या किमती, शोधाची मर्यादा, गुण देण्याची रीत आणि तो संपूर्ण डाव त्यात दिला आहे. सामान्य वाचकाला समजेल अशा शब्दांत त्यांनी नियम मांडले आणि आज्ञावलीच्या चुका लपवल्या नाहीत. कोठे तिने मूर्खपणा केला, हे चालींसमोर नोंदवले आणि हिचा खेळ म्हणजे आपल्याच खेळाचे व्यंगचित्र आहे, अशी प्रांजळ कबुलीही दिली.

या ग्रंथाचे काम चालू होते त्याच सुमारास ट्युरिंग यांच्या खाजगी आयुष्यावर संकट कोसळले. समलिंगी संबंध तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा मानले जात. १९५२ मध्ये त्यांच्यावर खटला भरण्यात आला आणि ते दोषी ठरले. तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांना संप्रेरकांचे उपचार स्वीकारावे लागले. सरकारच्या गुप्त कामाचे दरवाजेही त्यांना बंद झाले. ज्या राष्ट्रासाठी त्यांनी युद्धात अमोल कामगिरी केली होती, त्याच राष्ट्राने त्यांना अशी वागणूक दिली. आणि ती कामगिरी गुप्त असल्यामुळे त्यांच्या बाजूने कोणाला जाहीरपणे काही सांगताही आले नाही. या दिवसांतही त्यांचे संशोधन थांबले नाही. प्राण्यांच्या अंगावरील ठिपके व पट्टे कसे निर्माण होतात, याची गणिती मांडणी करणारा त्यांचा निबंध १९५२ मधलाच आहे. ७ जून १९५४ रोजी, बेचाळिसावा वाढदिवस काही दिवसांवर असताना, विलम्सलो येथील घरी सायनाइडच्या विषाने त्यांचा अंत झाला. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष काढण्यात आला. आईचा मात्र अखेरपर्यंत तो अपघात असल्याचा विश्वास होता.

पोदनूर येथे जन्मलेल्या या मातेने मुलाच्या मृत्यूनंतर त्याचे चरित्र लिहिले. ते १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाचे गणित त्यांना पूर्णपणे समजत नव्हते आणि त्याने युद्धात नेमके काय केले, हे तर त्यांना ठाऊकच नव्हते. तरीही त्यांनी पत्रे, हस्तलिखिते आणि कात्रणे गोळा केली आणि १९६० मध्ये ती किंग्ज कॉलेजच्या संग्रहात सुपूर्द केली. गचाळ अक्षराच्या, टिपणांची फारशी पर्वा नसलेल्या मुलाची कागदपत्रे वृद्ध आईने अशी सांभाळली. आज ट्युरिंग यांच्यावर संशोधन करणाऱ्यांना त्या संग्रहाचा मोठा आधार आहे. टुरोचॅम्पची मूळ टिपणे मात्र मिळाली नाहीत.

जुन्या बुद्धिबळ-आज्ञावली जपणे का कठीण असते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. ट्युरिंग यांच्या जन्मवर्षीच, १९१२ मध्ये, स्पेनचे अभियंते लेओनार्दो तोर्रेस केवेदो यांनी राजा आणि हत्ती यांच्या साहाय्याने एकट्या राजावर मात करणारे विद्युत-यांत्रिक उपकरण बनवले. ते आजही माद्रिदमध्ये पाहता येते. धातूची वस्तू कपाटात ठेवली की टिकते. आज्ञावलीचे तसे नसते. तिचे यंत्र मोडीत निघाले की ती मुकी होते. लॉस अलामोस येथे १९५६ मध्ये मेनियाक संगणकावर उंट वगळून, सहा बाय सहा घरांच्या पटावर खेळणारी आज्ञावली चालली. १९६७ मध्ये मानवी स्पर्धेत उतरलेली मॅक हॅक आली. ही यंत्रे आता वापरात नाहीत. अशा आज्ञावली जिवंत ठेवायच्या तर छापील सूची, छिद्रांच्या पट्ट्या आणि खेळलेल्या डावांच्या नोंदी जपाव्या लागतात आणि जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी नवी आज्ञावली लिहावी लागते. जगभरातील हौशी मंडळी हे काम निरपेक्षपणे करतात. टुरोचॅम्पच्या बाबतीत तर नक्कल करण्याजोगे यंत्रही नव्हते आणि सूचीही नव्हती. हाती होते ते १९५३ चे स्पष्टीकरण आणि एकोणतीस चालींचा एक हरलेला डाव.

त्या दोन आधारांवर जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील चेसबेस संस्थेच्या मथियास फाइस्ट यांनी टुरोचॅम्पची आधुनिक संगणकासाठी पुनर्रचना केली. नियम समजून घेणे फारसे अवघड गेले नाही. अडचण डाव पडताळताना आली. नव्या आज्ञावलीच्या काही चाली ग्लेनीविरुद्धच्या डावाशी जुळेनात. आपल्या रचनेतच चूक असावी, असे समजून पुन्हा पुन्हा तपासणी झाली. अखेर ट्युरिंग यांचा युद्धकाळातील सहकारी, चांदीच्या शोधातील साथीदार डोनाल्ड मिची यांनी उलगडा सुचवला. चूक यंत्राची नसून ट्युरिंग यांची असावी. अर्धा-अर्धा तास आकडेमोड करताना ते सारे हिशेब अखेरपर्यंत नेत नसत. एखादी चाल निरर्थक वाटली की ती सोडून देत. शाळेतील वह्यांत पायऱ्या गाळणारा मुलगा येथेही पायऱ्या गाळत होता. मित्राचा स्वभाव मिची यांच्या स्मरणात होता, म्हणून हे कोडे सुटले. कागदांनी नियम जपले होते. नियम रचणारा माणूस कसा होता, हे एका स्नेह्याच्या आठवणीने जपले होते.

२५ जून २०१२ रोजी, ट्युरिंग यांच्या जन्मशताब्दीनिमित्त मँचेस्टर येथे भरलेल्या परिषदेत माजी जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह टुरोचॅम्पविरुद्ध खेळले. ज्या नगरात ही आज्ञावली यंत्रावर चढू शकली नव्हती, तेथेच ती सर्वांसमक्ष चालली. कास्पारोव्ह सोळा चालींत जिंकले. निकालाविषयी कोणालाच शंका नव्हती. तरीही सभागृहातील जाणकारांच्या दृष्टीने, साठ वर्षांपूर्वीची विचारसरणी पटावर चाल करताना पाहणे हाच खरा सोहळा होता.

दरम्यान ट्युरिंग यांच्या नावावरील अन्यायाचे परिमार्जनही झाले. युद्धकाळातील कार्याची माहिती १९७० च्या दशकापासून हळूहळू उघड झाली. २००९ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारच्या वतीने जाहीर क्षमा मागितली, २०१३ मध्ये राणीने त्यांना मरणोत्तर माफी दिली आणि २३ जून २०२१ रोजी त्यांचे चित्र असलेली पन्नास पौंडांची नोट चलनात आली. हा सन्मान पाहण्यास ते स्वतः नव्हते आणि त्यांची आईही नव्हती.

ट्युरिंग यांनी आयुष्यात दोन ठेवी मागे ठेवल्या. एक चांदीची, ती त्यांनी सर्वांपासून लपवली आणि तिचा ठावठिकाणा सांकेतिक केला. दुसरी बुद्धिबळाच्या नियमांची. ती त्यांनी साध्या भाषेत, स्वतःच्या चुकांसह, सर्वांसाठी लिहिली. पहिली आजही इंग्लंडच्या मातीत कोठेतरी पडून आहे. दुसरी एका संपादकाने छापली, अनेक ग्रंथालयांनी सांभाळली, एका मित्राने उलगडली आणि ट्युरिंग यांना कधीही न भेटलेल्या एका तंत्रज्ञाने पुन्हा चालती केली. बुद्धिबळ शिकणारा कोणीही विद्यार्थी आज घरच्या संगणकावर त्या आज्ञावलीशी डाव मांडू शकतो आणि बहुधा तो जिंकतोही.